शनिवारी ज्याचा आकडा कमी

साखरेचा त्रास असलेल्या पाच माणसांना एका बाकावर बसवा आणि मग काही करू नका. किस्से आपोआप होतात. आमचे इतके साठलेत की परवा रेवती म्हणाली, "बाई, लिहून ठेवा ना प्लीज. मी ऑफिसात सांगते तर लोकांना वाटतं मी फेकतेय!"

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मी काही लेखिकाबिखिका नाही, पण प्रयोगवही नीट ठेवायची सवय आहे. तेव्हा घडलं ते तसंच्या तसं लिहिते. कुठे थोडं तिखटमीठ जास्त लागलं तर चालवून घ्या. आम्हाला वर्ज्य गोड आहे, तिखट नाही!

आमचा बाक कर्वेनगरात, कालव्याच्या रस्त्यावर. सकाळी साडेसहाला फिरायचं, सातला बाकावर. मी सोडून चौघं. देवधर, टेलिफोन खात्यातून निवृत्त. अजूनही ट्रंक कॉलवर असल्यासारखं तोडून बोलतात. वानखेडे मूळचे अमरावतीकडचे, आयुष्य पिंपरीच्या कारखान्यात गेलं, आता मुलाकडे इथे. रेवती आयटीतली, एकतीस वर्षांची. तिची साखर अजून 'बॉर्डरवर' आहे, पण आमच्यापेक्षा जास्त तीच घाबरलेली. आणि अण्णा भागवत. बुधवार पेठेत चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं. अण्णांना वेळ विचारली तर "सात वाजून अकरा मिनिटं" असं सांगतात. "सव्वासात" म्हणणारी माणसं त्यांना बेजबाबदार वाटतात.

*

सगळं सुरू झालं एका केळ्यावरून.

वानखेड्यांनी खिशातून केळं काढलं. देवधर ओरडले, "ठेवा ते आत! केळं म्हणजे विष."

"काऊन जी? माह्या डॉक्टरनं सांगितलं, रोज एक खात जा."

"माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, त्याच्याकडे बघूसुद्धा नका."

रेवती म्हणाली, "काका, कच्चं चालतं. मी एक व्हिडिओ पाठवते." मी म्हटलं, अर्धं खा, प्रमाणात काहीही चालतं. अण्णा म्हणाले, "आमची कुसुम शिकरण फार छान करते." देवधरांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "माणसं पाच आणि मतं सात. दोन जास्तीची कुणी आणली?"

पण बाकीच्यांना हसण्यात अर्थ नव्हता, माझंही तेच चाललं होतं. भावजय मला बिबवेवाडीतल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली होती. त्यांनी सांगितलं, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. देवधरांच्या तज्ज्ञाने सांगितलेलं, दिवसातून फक्त दोनदा, मध्ये पाण्याशिवाय काही नाही. त्यामुळे मी सकाळपासून चरत असायची, देवधर सकाळपासून उपाशी, आणि साखर दोघांचीही एकशे साठ!

शेवटी देवधरांनीच कायदा केला. दर शनिवारी सकाळी उपाशीपोटी बाकावर यायचं. मशीन देवधरांचं, सुई ज्याची त्याची. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याचा आहार पुढचा आठवडाभर सगळ्यांनी पाळायचा. कुरकुर चालणार नाही. मी फक्त एक कलम वाढवलं, सत्तरच्या खाली गेलेला बाद. नाहीतर ही माणसं जिंकायच्या नादात आडवी व्हायची.

अण्णांचा आकडा त्या पहिल्या शनिवारी दोनशे एकतीस आला. देवधरांनी तो वहीत उतरवला. त्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन दोनदा ठरलं आणि दोनदा पुढे ढकललं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, आधी साखर खाली आणा, मग डोळ्याला हात लावतो.

आणि अण्णांना डोळा हवा होता तो स्वतःसाठी नाही. कुसुमवहिनींना गेल्या दोन वर्षांपासून विसरायला होतं. आधी किल्ल्या, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. मुलगा बंगळुरूला. घरात ही दोघंच, सकाळी स्वयंपाकाच्या बाई असतात तेवढ्या वेळात अण्णा बाकावर येतात. वहिनींच्या गोळ्यांची पाकिटं अण्णा बोटांनी चाचपून ओळखत. "गोळ्यांचं जमतं हो बाई," एकदा मला म्हणाले, "पण ती फाटकाबाहेर गेली, तर गर्दीत तिची साडी कुठली ते मला कळणार नाही."

म्हणजे आमच्या पाच जणांत खरी घाई एकट्या अण्णांना होती.

*

पहिला शनिवार वानखेड्यांनी मारला. एकशे आठ!

"काय खाता?" देवधरांनी वही उघडून विचारलं.

"दोन टाइम ज्वारीची भाकर, पालेभाजी, मिरचीचा ठेचा. गहू बंद, तांदूळ बंद. बस."

झालं, आठवडाभर भाकरी. देवधरांच्या घरी भाकरी कुणाला येत नव्हती, त्यांनी पोळीवाल्या बाईंना विनवण्या केल्या. रेवतीने ऑनलाइन मागवली, ती पापडासारखी निघाली. मी स्वतः थापल्या, त्यांचे नकाशे झाले. वानखेड्यांनी प्रेमाने सगळ्यांना डबा भरून ठेचा दिला. देवधरांनी तो पहिल्या घासाला चाखला आणि, त्यांच्या सौभाग्यवती सांगतात, पंधरा मिनिटं गॅलरीत उभे राहिले.

पुढच्या शनिवारी आमचे सगळ्यांचे आकडे होते तिथेच. वानखेड्यांचा मात्र एकशे पंचावन्न!

देवधर चिडले. "भाकरी खाल्ली ना?"

"खाल्ली न जी."

"मग मागच्या आठवड्यात असं वेगळं काय केलं होतंत?"

वानखेड्यांनी डोकं खाजवलं. "वेगळं तं काही नाही. स्कूटर गॅरेजात होती. सहा दिवस समदीकडं पायीच फिरलो."

*

तिसऱ्या शनिवारी देवधर पहिले आले. दोन वेळांचं जेवण, रात्री आठ ते दुपारी एक तोंडात काही नाही. देवधरांनी फर्मान काढलं आणि घरी जाऊन सौभाग्यवतींना सांगितलं, "आजपासून रोज एकपर्यंत माझा उपास."

बरोबर एकच्या ठोक्याला ताट आलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू!

"हे काय आहे?"

"उपास आहे म्हणालात ना? मग? नेहमीची पोळी-भाजी वाढू का तुम्हाला उपासाला?"

देवधर तीन दिवस बिनतक्रार जेवले. शास्त्र मोडतंय हे त्यांना कळत होतं, पण साबुदाण्याची खिचडी सोडवेना. चौथ्या दिवशी सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली आणि त्यांनी दुसऱ्या टोकाला जाऊन खरंच सगळं बंद केलं. शनिवारी बाकावर आले ते घाम फुटलेले. मशीन म्हणालं, चौसष्ट.

"जिंकलो," देवधर पुटपुटले.

"बाद!" मी म्हटलं. "आधी काहीतरी गोड खा."

आता पाच साखरवाल्या माणसांत गोड कुणाकडे असणार? सगळे खिसे चाचपायला लागले. अण्णांनी शांतपणे कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि खडीसाखर देवधरांच्या हातावर ठेवली.

देवधरांना जरा हुशारी आली तशी त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "अण्णा, ही तुमच्या खिशात काय करतेय?"

"प्रसाद आहे. वाटेवरच्या गणपतीचा."

"कधीचा?"

"रोजचा," अण्णा म्हणाले.

मी पुडी जप्त केली. आम्हाला वाटलं, अण्णांच्या दोनशे एकतीसचं मूळ सापडलं. पुढच्या शनिवारी अण्णा दोनशे अठ्ठावीस!

*

रेवतीने दंडाला एक बिल्ल्यासारखं यंत्र लावून घेतलं. फोनवर दिवसभराच्या साखरेचा आलेख दिसतो. आम्ही सगळे त्या फोनवर तुटून पडलो.

"हा उंच डोंगर कसला गं?" मी विचारलं. "भात खाल्लास?"

"नाही बाई. बुधवारी दुपारी तीन. काही खाल्लंच नव्हतं. मॅनेजरचा कॉल होता."

"आणि हा?"

"तोही मॅनेजर."

देवधर म्हणाले, "मग भात खा, मॅनेजर सोड."

पुढच्या शनिवारी जिंकली तीच, कारण त्या आठवड्यात मॅनेजर रजेवर होता. तिचं शास्त्र असं की काय खाता यापेक्षा कुठल्या क्रमाने खाता ते महत्त्वाचं. आधी काकडी-कोशिंबीर, मग भाजी-वरण, शेवटी भात किंवा पोळी. आम्ही मान डोलावली. आणि नेमकी त्याच रविवारी देवधरांच्या नातवाची मुंज! चांगली पानं मांडून पंगत.

आम्ही पाचजण ओळीने बसलो. वाढपी भात घेऊन आला, आम्ही पानावर आडवे हात. "आधी कोशिंबीर." कोशिंबीर आली. "अजून." अजून आली. वानखेड्यांनी काकडीचं अख्खं भांडंच मागून घेतलं. जिलबीवाला तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा मला म्हणाला, "आजी, काही पथ्य आहे का?"

"पथ्य नाही. क्रम आहे."

आम्ही वरणापर्यंत पोचलो आणि शेजारच्यांनी हात धुवायला उठायला सुरुवात केली. पंगत उठली! भाताचं पातेलं आमच्या डोळ्यांदेखत परत गेलं. घरी येऊन मी दूधपोळी खाल्ली, क्रमबिम न पाळता.

*

केळ्याबद्दलचे डॉक्टर ज्याचे त्याचे, पण रिपोर्ट आम्ही पाचही जण दाखवतो तो डॉक्टर म्हणजे माझाच विद्यार्थी. कोपऱ्यावर दवाखाना आहे. अजूनही मी आत गेले की उभा राहतो. त्याला कुणीतरी आमच्या शनिवारच्या कायद्याबद्दल सांगितलं. (वानखेडे. दुसरं कोण!)

त्याने मला समोर बसवून घेतलं. "बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंत की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

"हो मग?"

"मग हे काय चाललंय? आहार बदलून फरक पडतो. दर शनिवारी बदलून पडत नाही."

पस्तीस वर्षांत मला वर्गात कुणी असं गप्प केलं नव्हतं. आणि ते पोरगं आठवीत माझ्याच विषयात काठावर पास झालेलं! पण बोलला ते खरं होतं. उठताना मी त्याला अण्णांचं विचारलं. तो गंभीर झाला. "त्यांची औषधं व्यवस्थित आहेत. स्वयंपाकाच्या बाईंना मी स्वतः सगळं लिहून दिलंय. तरी आकडा खाली येत नाही, म्हणजे कुठेतरी काहीतरी जातंय पोटात. अण्णा मला सांगत नाहीत. तुम्ही बघा."

*

म्हणून एका मंगळवारी मी आणि रेवतीने अण्णांच्या घरावर धाड घातली. न कळवता, दुपारी साडेतीनला.

वहिनींनी दार उघडलं आणि चेहरा असा फुलला म्हणता! "या या! किती दिवसांनी आलात!" मी आदल्याच आठवड्यात जाऊन आले होते, पण म्हटलं, "हो ना वहिनी, राहूनच गेलं."

त्या चहा करायला आत गेल्या. अण्णा खुर्चीत अवघडून बसले, गृहपाठ न केलेल्या मुलासारखे. वहिनी ट्रे घेऊन आल्या. कोरा चहा, दूध, साखरेचं भांडं. मला विचारलं, "तुम्हाला साखर किती?" म्हटलं, नको. रेवतीला विचारलं, तीही नको म्हणाली. अण्णांना त्यांनी विचारलं नाही. सरळ त्यांच्या कपात साखर घातली, ढवळला आणि हातात दिला. अण्णा प्यायले.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पाच मिनिटं झाली असतील. वहिनी अण्णांना म्हणाल्या, "अगंबाई, तुम्हाला चहा द्यायचाच राहिला की!" आणि पुन्हा उठल्या. पुन्हा ट्रे. पुन्हा साखर. अण्णा पुन्हा प्यायले. पाच वाजेपर्यंत चार कप!

वहिनी बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला गेल्या तशी मी सुटले. "अण्णा! आम्ही तिकडे भाकऱ्या थापतोय, काकड्या खातोय, देवधर मरता मरता वाचले, आणि तुम्ही इथे चार-चार कप? नको म्हणून सांगता येत नाही?"

"साखरेचा डबाच लपवा ना काका," रेवती म्हणाली.

"लपवला होता," अण्णा म्हणाले. "एकदाच. कुसुम साखर आणायला म्हणून एकटीच बाहेर पडली. मी मागोमाग गेलो. रस्त्यावर इतक्या बायका, सगळ्या मला सारख्याच दिसत होत्या. मी नुसता कुसुम, कुसुम अशा हाका मारत उभा राहिलो. वाण्याने हात धरून आणून सोडली तिला. बावीस मिनिटं."

रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग कुठे ठेवावा कळेना.

"मग बिनसाखरेचा द्या म्हणून सांगा त्यांना," मी आवाज खाली आणून म्हटलं.

अण्णा म्हणाले, "बाई, तिला आज वार कुठला ते आठवत नाही. मुलाच्या नावाला परवा अडखळली. पण माझ्या चहात दोन चमचे, हे तिला न विचारता आठवतं. तुम्हाला विचारते, मला विचारत नाही. पाहिलंत ना? आता मीच तिला सांगू, की ते चूक आहे?"

वहिनी बाल्कनीतून आल्या. आमच्याकडे बघून हसल्या. "अहो, यांना चहा दिलात का?"

*

दुसऱ्या दिवशी बाकावर मी सगळं सांगितलं. वानखेडे रुमालाने डोळे पुसत राहिले. देवधरांनी वही उघडली. "सोमवार मी. मंगळवार बाई. बुधवार वानखेडे. पुढे पुन्हा तसंच. रविवारी रेवती. दुपारी साडेतीन ते पाच. रोज एक पाहुणा."

"काय करायला?"

"चहा प्यायला. आपला बिनसाखरेचा त्यांना द्यायचा, त्यांचा आपण घ्यायचा. वहिनी आत वळल्या की कप बदला. प्रश्न?"

"आपली साखर वाढेल न जी," वानखेडे म्हणाले.

"दोन चमच्यांनी मरत नाही कुणी. दुपारचं खाणं बंद करा त्या दिवशी. आणि सगळे कप पोटातच गेले पाहिजेत असं नाही. बाल्कनीत कुंड्या आहेत."

मी विज्ञानाची शिक्षिका. मी नको म्हणायला हवं होतं. मी मंगळवारच्या पुढे माझं नाव जाड अक्षरात लिहिलं.

*

पहिल्या आठवड्यात वानखेडे पकडले गेले!

दम धरणं त्यांना जमत नाही. वहिनी आत वळायच्या आतच त्यांनी अण्णांचा कप उचलला. वहिनी थबकल्या. "अहो वानखेडे, तो यांचा कप आहे."

वानखेडे म्हणाले, "आमच्या तिकडं असंच राहते वहिनी! पाहुण्यानं घरधन्याचाच कप घ्यायचा. नाही घेतला तं घरधन्याचा अपमान होते."

"हो का? छान पद्धत आहे," वहिनी म्हणाल्या.

आम्ही ऐकून हसलो आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी देवधरांची पाळी. देवधर कप बदलायला संधी बघतायत, तेवढ्यात वहिनींनीच अण्णांचा कप उचलून देवधरांच्या हातात दिला. "वानखेड्यांकडे अशी पद्धत आहे म्हणे. तुम्ही पण घ्या."

देवधरांनी बाहेर पडल्या पडल्या मला फोन केला. "बाई, त्यांच्या लक्षात राहिलं!" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

बाल्कनीतल्या गवती चहाच्या कुंडीला मात्र मुंग्या लागल्या. स्वयंपाकाच्या बाई हळद टाकून टाकून थकल्या.

*

अण्णांचा आकडा उतरायला लागला. दोनशे दहा. एकशे ऐंशी. एकशे एकोणसाठ. आणि आमचे चढायला लागले! तसं थोडं चढणारच, आम्ही धरून चाललो होतो. पण जरा फारच चढले. देवधरांनी दुपारचं खाणं बंद केलं होतं, मी एक पोळी कमी केली होती, रेवतीने तर हिशेब करून ठेवला होता की दोन चमच्यांनी एवढंच वाढायला हवं. "बाई, डेटा जुळत नाहीये," ती म्हणायची. "माझ्या रविवारचा डोंगर फार उंच आहे. आणि रविवारी तर मॅनेजर पण नसतो!"

माझा विद्यार्थी डॉक्टर माझा रिपोर्ट हातात धरून बसला. "बाई, अण्णांचे सुधारतायत आणि तुम्हा चौघांचे एकदम बिघडलेत. तुम्ही पाचजण रिपोर्ट अदलाबदल करून आणताय का?"

"रिपोर्ट नाही," मी म्हटलं आणि गोळीचा डोस वाढवून घेतला.

साधारण तीन महिन्यांनी, एका शनिवारी, अण्णांनी बोट पुढे केलं. मशीनने नेहमीसारखा वेळ खाल्ला. एकशे सोळा! आम्हा सगळ्यांत कमी! वानखेड्यांनी अण्णांना मिठीच मारली, फिरायला आलेले लोक थांबून बघायला लागले.

देवधरांनी वही उघडली. कायदा म्हणजे कायदा. "बोला अण्णा. पुढचा आठवडाभर सगळ्यांनी काय आहार घ्यायचा?"

अण्णांनी विचार केला. "रोज दुपारी मित्राने घरी यावं," ते म्हणाले.

देवधरांनी तसंच लिहून घेतलं. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख दिली.

*

आणि हा शेवटचा.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तपासणीत डॉक्टर म्हणाले, उत्तम. मंगळवारी अण्णा दवाखान्यातून घरी यायचे होते. आम्ही चौघं आधीच वहिनींजवळ जाऊन बसलो. वहिनी सारख्या विचारत होत्या, "हे कुठे गेलेत?" आणि आम्ही पाळीपाळीने सांगत होतो, "येतीलच."

बेल वाजली. अण्णा आत आले. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, डोक्याला रुमाल. वहिनींनी पाहिलं आणि पदर सारखा केला. "या, बसा," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हे कोण पाहुणे?"

अण्णा खुर्चीत बसले. वहिनी ट्रे घेऊन आल्या, अण्णांच्या समोर कप ठेवला, साखरेचं भांडं उघडलं आणि विचारलं, "तुम्हाला साखर किती?"

दोन वर्षं ज्याची अण्णांना भीती वाटत होती, ते हेच. मला वाटलं, आता हा माणूस उठून आत जाणार. अण्णांनी हळूच चष्मा काढला.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. "इश्श! तुम्ही होय! मग बोलत का नाही? मी आपली वेड्यासारखी विचारतेय!" आणि हसत हसत, न विचारता, चमचा साखरेत घातला.

अण्णा त्या चमच्याकडे बघत होते. नव्या डोळ्याने, घड्याळजीच्या नजरेने. एक. दोन.

तीन.

"अगं," अण्णा म्हणाले, "हे तीन झाले."

"तीनच घालते मी," वहिनी म्हणाल्या.

"मी तर दोन घेतो ना?"

"दोन तुम्ही सांगितले होतेत. लग्न झालं तेव्हा, आईंच्या समोर. लाजत होतात. दोनाचा तुम्ही अर्धा कप तसाच ठेवायचात. म्हणून मी तेव्हापासून तीनच घालते." त्यांनी चहा ढवळला आणि कप अण्णांच्या पुढे सरकवला. "तुमच्या कधी लक्षात नाही आलं?"

रेवतीने तोंडावर हात धरला. देवधर खिडकीकडे बघायला लागले. वानखेडे माझ्याकडे बघत होते, कारण मंगळवार होता आणि कप बदलायची पाळी माझी होती.

मी हात मांडीवरच ठेवले.